वादाचा तास आणि ठकूची बाजू

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. आणि गंमत बघा — गोष्ट मात्र मी शंभरदा सांगितली आहे. जुन्नर-आंबेगावातल्या शिक्षकांच्या एखाद्या शिबिराला तुम्ही बसला असाल, तर तुम्हीही ती माझ्या तोंडून ऐकली असेल. नववीतली एक मुलगी, मेंढपाळाची. वर्गातल्या वादात उभी राहते आणि बापाची मेंढरं जिथं चरतात तेच गायरान शाळेच्या मैदानाला द्या, असं सांगते. पोराला विचार करायला शिकवलं की ते स्वतःच्या पोटापलीकडं बघायला लागतं, असं म्हणून मी थांबायचे. मग चहा यायचा, आणि एखादी नवी शिक्षिका जवळ येऊन म्हणायची, बाई, अंगावर काटा आला.

ती गोष्ट खोटी आहे. सगळी नाही — मुलगी खरी, गायरान खरं, भाषण तर शब्दन् शब्द खरं. खोटं एकाच जागी आहे. पण ती जागा अशी आहे की तिथून बाकीचं सगळं नासतं.

थांबा, मला एकदम तिथं जाता येणार नाही. आधी तासाबद्दल सांगू द्या. तासाची मला तिळमात्र लाज वाटत नाही, आणि मला ती वाटावी असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ओतूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या एका गावात आमचं हायस्कूल. पाच खोल्या, वर पत्रा. पाऊस लागला की फळ्यावर लिहून शिकवायचं, कारण आवाज ऐकूच यायचा नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा. म्हणजे वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचा. प्रत्यक्षात गणिताचे सर त्यात प्रमेयं उरकायचे, नाहीतर पोरांना वर्ग झाडायला लावायचे. तो तास मी मागून घेतला.

खरं बोलावं, चोरी करू नये हे पोरांना पहिलीपासून पाठ असतं. पाठ असतं म्हणूनच त्यावर कुणी विचार करत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मला त्यांना भांडायला लावायचं होतं. एसटीत कंडक्टरनं वय विचारलं आणि आईनं शेजारून अकरा सांगून टाकलं, तर बारा पुरे झालेल्या पोरानं गप्प बसावं का? मित्रानं परीक्षेत बघून लिहिलं आणि सरांनी विचारलं, तर नाव घ्यावं का? तोडणीला आलेल्या उसात बिबट्याचं पिल्लू सापडलं तर आधी वनखात्याला कळवायचं की आधी ऊस बाहेर काढायचा?

पहिले चार-पाच शनिवार पाण्यात गेले. पोरं एकमेकांकडं बघून फिदीफिदी हसायची, आणि जो बोलायचा तो माझ्या तोंडाकडं बघत, बाईंना काय हवंय याचा अंदाज घेत बोलायचा. शिवाय वर्गात बोललेलं संध्याकाळपर्यंत गावात. एका पोरानं डेअरीला घालायच्या दुधात पाणी मिसळणं चूक आहे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी डेअरीवर लोक त्याच्या बापाला विचारायला लागले, "काय राव, तुमच्या पोराला कुनाकुनाचं ठावं हाय?" त्यानंतर ते पोर महिनाभर तोंड उघडेना.

तेव्हा मी चिठ्ठ्या आणल्या. खडूचा रिकामा खोका, त्यात सहा चिठ्ठ्या — तिघांना अनुकूल, तिघांना प्रतिकूल. हात घालायचा, जी येईल ती बाजू. पटो न पटो, त्याच बाजूनं बोलायचं, जीव तोडून बोलायचं. आणि एक नियम मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, तो वर्षभर कुणाला पुसू दिला नाही: चिठ्ठीनं आलेली बाजू बोलणाऱ्याची नसते. बाहेर कुणी छेडलं तर सांगायचं, चिठ्ठी आली होती. एवढं म्हटलं की पोर सुटलं.

काय फरक पडला म्हणून सांगू! ज्या पोरी हजेरीलासुद्धा जेमतेम 'हजर' म्हणायच्या, त्या चिठ्ठी मुठीत धरून दहा-दहा मिनिटं बोलायला लागल्या. घरून तक्रारी आल्या. एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाई, नातू लई उलटं बोलाया लागलाय. काय म्हनलं तर म्हनतो, आज माझी प्रतिकूल बाजू हाय." मी त्यांना म्हटलं, बोलू द्या. मुख्याध्यापक म्हणाले, कोर्स मागं पडतोय. मी म्हटलं, पडू द्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला दुसऱ्याच्या बाजूनं उभं केलं की त्याच्या आत काहीतरी हलतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते मी कुणालाही खोडू देणार नाही.

आता ठकू.

हजेरीत तिचं पूर्ण नाव होतं, ते इथं नको. नववी, खिडकीजवळचा बाक. तिचे वडील सावळेराम वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागं. दिवाळी झाली की माळशेज उतरून कोकणात जायचं, भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. शाळेसाठी ठकूला गावात थोरल्या भावाकडं ठेवलेलं, वहिनीच्या हाताखाली. त्या वस्तीवरची हायस्कूलपर्यंत आलेली ती पहिली मुलगी. 'पहिली' हा शब्द मी शिबिरात जरा थांबून उच्चारायचे.

तिच्याजवळ एक शब्द होता — "मग?" समोरच्यानं काही ठासून सांगितलं की ही हळूच विचारायची, "मग?" त्यानं पुढचं सांगितलं की पुन्हा, "मग?" आवाज चढवायची नाही. तिसऱ्या-चौथ्या 'मग'ला समोरच्याचं सगळं संपलेलं असायचं. आणि दुसरी एक गोष्ट, जी मी मोठ्या माणसांतही फारशी बघितलेली नाही. बोलायला उठली की ती आधी म्हणायची, "ह्याचं म्हननं आसं हाय..." आणि समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नेटकं मांडायची. त्यानंतर स्वतःचं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. शिबिरात मात्र मीच शिकवलं म्हणून सांगत आले.

शाळेच्या मागं ओढ्यापर्यंत गायरान होतं. पावसाळ्यात सावळेरामांची आणि आणखी तीन-चार घरांची मेंढरं तिथं असायची. संस्थेच्या अध्यक्षांना — गाव त्यांना आबा म्हणायचं — तिथं मैदान करायचं होतं. आता खोटं कशाला बोलू, मैदान लागतच होतं. पोरं डांबरी रस्त्यावर खो-खो खेळायची, आणि एकाचा पाय टेम्पोखाली जाता जाता वाचला होता. मैदानाच्या कडेनं रस्त्याला तोंड करून दुकानांचे गाळे निघणार, अशीही कुजबुज होती. आणि मेंढरांना दुसरी जागा म्हणजे वर डोंगराकडं, चार किलोमीटरवर, भर पावसात कोकरांसकट.

वादाला याहून चांगला विषय कुठून आणणार? दोन्ही बाजूंना जीव होता. मी तो विषय घेतला, आणि आजही तोच घेईन. पोरांच्या डोळ्यांसमोर जे चाललंय त्यावर त्यांनी बोलायचं नाही, तर काय सूर्यमालेवर बोलायचं?

पण त्या शनिवारी मी आबांना पाहुणे म्हणून बोलावलं.

का बोलावलं? तुम्ही आता माझ्या वतीनं काहीतरी शोधत असाल. नोकरी कच्ची असेल बिचारीची, अध्यक्षांची सही हवी असेल. नव्हती हो. माझी नोकरी पक्की होऊन चार वर्षं झाली होती. आबांना मी भीत नव्हते. उलट गावात मी तोंडाळ बाई म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्याचा मला अभिमान होता. मला तास दाखवायचा होता. ज्या माणसांनी 'पोरांना उलट बोलायला शिकवता' म्हणून नाकं मुरडली, त्यांनी तोंडात बोट घालावं असं मला वाटत होतं.

आणि त्यासाठी ठकूनं 'गायरान वाचवा' म्हणून काय उपयोग? मेंढपाळाची पोर मेंढरांसाठी बोलली, त्यात नवल कसलं? तिनं उलट बोलायला हवं होतं. स्वतःच्या बापाविरुद्ध. मग बघा म्हणावं माझा तास काय करतो ते!

— हं. आलो आपण त्या जागेशी.

त्या दिवशी खोक्यात सहा चिठ्ठ्या नव्हत्या. तीनच होत्या, तिन्ही अनुकूल. प्रतिकूलच्या तीन माझ्या डाव्या मुठीत. ठकूला मी पहिली बोलावली. तिनं हात घातला, जरा चाचपडली, चिठ्ठी काढून उलगडली. मी फळ्याकडं वळले, तिचं नाव अनुकूलच्या खाली लिहिलं, आणि परत येताना मूठ खोक्यात सोडली. बाकीच्या पाच जणांनी मात्र आपापल्या नशिबाची चिठ्ठी काढली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटलं.

ठकू बोलायला उभी राहिली. सवयीप्रमाणं आधी समोरच्याचं. "माझा बाप म्हनंल, ही जागा आमच्या आज्यापासनं मेंढरांची हाय. त्येचं खरं हाय. पावसात कोकरू लांब चालत न्हाई, खांद्यावर घ्यावं लागतं, ह्ये बी खरं हाय." मग थांबली. खाली बघितलं, वर बघितलं. "पन मेंढरू उशिरा का व्हईना, चालत जातं. शाळा चालत जात न्हाई. मी मेंढरामागं गेले तर शाळा काय माझ्यामागं येनार न्हाई."

आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "लई भारी, पोरी. लई भारी." मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, ते नाटक नव्हतं. मीच फसवून उभी केलेल्या मुलीच्या बोलण्यानं माझाच ऊर भरून आला होता — कसली बाई म्हणायची मी?

इथंच हे थांबलं असतं तर लबाडी झाली असती, पण चार भिंतींतली. नियम फळ्यावर होता. ठकूनं घरी जाऊन वडिलांना सांगितलंही होतं की अण्णा, चिठ्ठी आली म्हणून बोलले. आणि त्यांनी ते मानलं होतं. हे मला नंतर कळलं. कधी कळलं, तेच आता सांगते.

गांधी जयंतीची ग्रामसभा. मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या, पुढं सरपंच, शेजारी आबा. गायरान शाळेला द्यायचा ठराव होता, म्हणून शाळेतर्फे आम्ही शिक्षक बसलो होतो. मागं देवळाच्या पायऱ्यांवर थोड्या बायका, त्यांत ठकू आणि तिची वहिनी. त्या काळी सभेत बायका यायच्या त्या बसायला, बोलायला नव्हे.

सावळेराम उभे राहिले. सडसडीत माणूस, खांद्यावर घोंगडं. सभेत बोलायची सवय नसलेला माणूस जसा जमिनीकडं बघून बोलतो तसे बोलले. "मैदान नगं आसं आमी म्हनत न्हाई. आमचीबी पोरं हाईत साळंत. निम्मं घ्या. वढ्याकडचं निम्मं आमाला ऱ्हाऊ द्या, पान्यापुरतं."

निम्मं! लोकांनी माना हलवल्या, मी पाहिल्या. सरपंचसुद्धा आबांकडं बघायला लागले. आणखी दोन माणसं उठून 'बरुबर हाय' म्हणाली असती तर ते निम्मं राहिलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

आबा हसले. "सावळ्या, आरं तुझीच पोर भर वर्गात म्हनली, जागा साळंला द्या. ह्या कानानं ऐकलंय म्या. आधी घरात ठरवून या की!"

हशा पिकला. सावळेराम मात्र हलले नाहीत. म्हणाले, "ती चिठ्ठी व्हती, आबा. पोरीनं सांगितलंय मला. त्या तासाला जी चिठ्ठी निघंल तसं बोलत्यात. ते तिचं मत नसतंय."

तुम्हाला कळतंय का, काय झालं ते? शाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसाला माझा नियम समजला होता. गावातल्या शिकल्या-सवरलेल्या कुणाला समजला नव्हता तेवढा. तो त्याला त्याच्या लेकीनं समजावला होता, आणि त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला होता. मी ज्यासाठी तास घेत होते ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

आबा माझ्याकडं वळले. "बाई, तुमीच सांगा आता. पोर चिठ्ठी आली म्हनून बोलली, का मनानं?"

त्या सभेत एखाद्या बाईला काही विचारलं जाण्याची ती पहिलीच वेळ. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी फक्त 'चिठ्ठी' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. खोक्यात काय केलं ते सांगायची गरज नव्हती, मुठीचं सांगायची गरज नव्हती. नुसतं 'हो, चिठ्ठीच होती' — संपलं असतं.

मी उभी राहिले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "चिठ्ठी ही नुसती पद्धत असते, आबा. ठकू बोलली ती मनापासून. तिला जे पटलं तेच ती बोलली."

सावळेरामांनी मागं वळून पायऱ्यांवरच्या बायकांत ठकूला शोधलं. तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही बघितलं. मग घोंगडं सावरून खाली बसले.

सगळ्यांना 'मग?' विचारणारी पोर मला काही विचारेना. तिनं उठून मला खोटं पाडलं असतं तर? किती बरं झालं असतं! पण चौदा वर्षांच्या पोरीनं भर गावात आपल्या बाईंना खोटं पाडायचं, हे मी तिच्यावर ढकलू कसं? ते काम माझं होतं. हात वर झाले, ठराव झाला. गायरान सगळं गेलं, ओढ्यापर्यंत.

त्या वर्षी सावळेराम दिवाळीला थांबले नाहीत. मेंढरं घेऊन घाट उतरले आणि ठकूला बरोबर घेऊन गेले. तिची वहिनी मला पिठाच्या गिरणीत भेटली. म्हणाली, "मारलं न्हाई हो तिला. बोललंच न्हाईत तिच्यासंगं, त्ये वंगाळ. म्हनले, घरात एक आन भाईर एक बोलनारी पोर हितं एकटी ठेवायची न्हाई." मी मान हलवली, पीठ घेतलं आणि घरी आले. सोमवारी हजेरीतून तिचं नाव कमी केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, स्थलांतर. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

आता विचारा, का? भीती नव्हती हे मी सांगून टाकलंय. आबांनी कसंही करून जागा घेतलीच असती, असं कुणी म्हणेल. घेतली असती, कदाचित. त्याचा माझ्या वाक्याशी काय संबंध? तरुण होतीस, असं म्हणू नका. चौतीस वर्षांची होते, दोन मुलांची आई. मैदानाचं म्हणाल तर मैदान झालं, गाळेही झाले. त्या मैदानावर खेळलेली पोरं जिल्ह्याच्या सामन्यांना गेली. तेही माझ्या बाजूनं धरू नका.

ते वाक्य मला आवडलं होतं, म्हणून बोलले. एवढंच आहे. चिठ्ठीमुळं बोलली म्हटलं की ठकूचं भाषण म्हणजे वर्गातला एक सराव. मनापासून बोलली म्हटलं की तो चमत्कार — आणि चमत्कार करणारी मी. माझ्या तासापेक्षा मला तासाचं कौतुक जास्त हवं होतं. त्यासाठी मी एका पोरीला तिच्या बापासमोर खोटारडी ठरवलं. ती खोटं बोलली नव्हती. मी बोलले होते.

पुढं तासाचा बोलबाला झाला. मंचर, महाळुंगे पडवळ, ओतूर, कुठून कुठून बोलावणी यायला लागली: बाई, तुमची ती वादाची पद्धत आमच्या शिक्षकांना दाखवा. मी खडूचा खोका घेऊन जायचे. आणि प्रत्येक वेळी ठकूची गोष्ट सांगायचे. ग्रामसभेचा भाग गाळून.

सात-आठ वर्षांनी ओतूरच्या एसटी स्टँडवर ती मला भेटली. मी ओळखलं नाही. "बाई, वळाखलं न्हाई व्हय? ठकू मी." कडेवर मूल, पायाशी भाजीची पिशवी. लग्न होऊन जवळच्याच गावात दिलेली. थोडी मेंढरं, बाकी कांदा. तिनं पहिलं काय विचारलं असेल? "तास हाय का आजून?" आहे म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "हाय? लई बरं झालं. माझ्या पोरीलाबी धाडीन म्हनते, मोठी झाली की."

मग मूल दुसऱ्या कडेवर घेत, अगदी सहज म्हणाली, "बाई, एक इचारू का? त्या दिशी खोक्यात तीनच चिठ्ठ्या व्हत्या का हो? एरवी पयला नंबर आला की हाताला सा लागायच्या. त्या दिशी तीनच लागल्या."

गाडी आली का ते बघायला मी मान वळवली. तिला वाटलं, मला राग आला. घाईघाईनं म्हणाली, "तसं न्हाई हो, बाई. अण्णा गेलं गेल्या साली. शेवटपातुर मी त्यास्नी सांगत व्हते, चिठ्ठीच व्हती, मी मनानं न्हाई बोलले. त्यास्नी पटलं न्हाई कधी. म्हनायचे, बाई कशाला खोटं बोलतील? म्हनून मला आपलं म्हाईत पायजे. दुसरं काय न्हाई."

तिथं कोण होतं मला अडवायला? आबा नव्हते, गाव नव्हतं, हात वर करायला कुणी नव्हतं. ती होती, मी होते, आणि स्टँडवरची गर्दी, जिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. माफी मागा असं म्हणायला ती आलीच नव्हती. एक 'हो' दिलं असतं तर ती पोर त्या दिवशी बापाच्या माघारी का होईना, खरी ठरून घरी गेली असती.

मी म्हणाले, "सहाच होत्या गं. तुला नीट आठवत नसेल."

"आसंल," ती म्हणाली. माझ्याकडं एकदा नीट बघितलं तिनं. मग माझी गाडी लागली, तर माझी पिशवी उचलून तिनं खिडकीतून आत दिली.

ठकूला कळलं, हे मला त्या बघण्यावरून कळलं. घरापर्यंतच्या रस्त्यात मी स्वतःला सांगत होते की उद्या कुणाला तरी विचारून तिच्या घरी जाईन. गेले नाही. परवाही गेले नाही. तिचं गाव माझ्या घरापासून एसटीनं पाऊण तास आहे, अजूनही तेवढंच आहे.

त्याच महिन्यात तळेघरला शिबिर होतं. भीमाशंकरच्या बाजूला गाड्या कमी, त्यामुळं डोंगरातल्या शाळांवरची शिक्षक मंडळी पायपीट करून आली होती. मला वाटलं होतं, आज ही गोष्ट माझ्या तोंडून निघणार नाही. निघाली. सवयीनं निघाली, नेहमीच्या जागी थांबत, नेहमीच्या जागी आवाज बारीक करत. संपल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली, नुकतीच शिक्षिका झालेली. तिनं विचारलं, "बाई, पण तिच्या वडिलांना काय वाटलं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"ते भर ग्रामसभेत उभे राहिले," मी म्हणाले, "आणि म्हणाले, माझी पोर बोलली ते बरोबर आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं डोळे पुसले. सावळेराम वारलेत हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणूनच तसं बोलले.